सगळ्यात हलका माल

एकशे ब्याऐंशी पायऱ्या. मी मोजल्या नाहीत,
लुत्सिना सांगते.
शिव्या घालायच्या तर आकडा नेमका हवा, म्हणते.

ती वर, क्रेनच्या काचेच्या खोलीत. मी खाली, धक्क्यावर.
माझं काम हातांचं:
मूठ मिटली की थांब,
तळवा खाली की सोड, हळू.
आम्ही काशुब माणसं तशीही कमी बोलतो.
सत्तावीस वर्षं ग्दिन्याच्या बंदरात
मी लोखंडाशी हातवारे करतोय.

मार्चमधली गोष्ट. साडेअकराला रेडिओ खरखरला.
"ब्रुनो, एक काम होतं."
ही बाई काम कधी सांगत नाही.
वाऱ्याचा वेग सांगते,
नाहीतर कुठल्या तरी कप्तानाची अक्कल काढते.
"माझं पेन खाली राहिलं."
मी म्हटलं, काय लिहायचंय तुला ढगांवर?
थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.
"लिहायचं नाही रे. टोचायचंय."

सात महिने मी तिच्या हुकाखाली उभा होतो.
वीस वीस टन डोक्यावरून गेले
आणि मला ठाऊक नव्हतं.
डॉक्टरांचा कागद ऑफिसात होता, म्हणे,
शिक्क्यासकट.

लॉकर एकेचाळीस. आत एक लोकरी मोजा,
मोज्यात पेन.
गोठलं की वाया जातं,
म्हणून अंडं जपावं तसं गुंडाळलेलं.
दाराला आतून चिठ्ठी, तिच्याच अक्षरात:
विसरलीस ना?
रोज दिसून दिसून
त्या चिठ्ठीचा दाराचा रंग झाला असणार.

"आणि साखरेच्या वड्या? त्या तरी आहेत का वर?"
"त्या आहेत. खिशात, डब्यात, सीटखाली.
साखर उतरली की अंग ओरडतं रे,
हात कापतात, घाम फुटतो, सगळ्यांना कळतं.
चढताना मात्र काही बोलत नाही.
गुपचूप चढते,
माझ्यासारखी."

उतरली असती ती. पण जहाज लागलेलं,
आणि खाली येऊन परत वर
म्हणजे तीनशे चौसष्ट शिव्या.
तिनं दोरी सोडली, थर्मास वर ओढायची.
मी पिशवी बांधली. दोन गाठी.
मग आणखी एक.

भार उचलला की खालच्यानं मागं सरायचं,
हा नियम मीच पोरांना शिकवतो.
मी सरलो नाही.
अर्ध्या वाटेत वाऱ्यानं पिशवी खांबावर आपटली
आणि माझ्या पोटात काहीतरी हललं.
हात आपोआप वर गेले:
हळू. हळू. अजून थोडं. धर.
चाळीस टनांच्या पेटीलासुद्धा
इतक्या जपून हात केला नव्हता कधी.

रेडिओचं बटण तिच्याकडून दाबलेलंच राहिलं असावं.
टिक. टिक. टिक.
पेनाची मान फिरवली की एकेक एकक असं वाजतं,
हे मला नंतर कळलं.
सहा वाजले.
मग काही नाही.
मग बऱ्याच वेळानं पाव चावल्याचा आवाज.
तेव्हा मी माझा डबा उघडला.
हेरिंग होता, कांदा जरा जास्तच.

तेव्हापासून शिडीच्या पायथ्याशी
मी तिला नमस्कार करत नाही. "पेन?" म्हणतो.
ती आतल्या खिशावर थाप मारते.
"चष्मा?" ती विचारते,
आणि मी कोटभर चाचपत बसतो.
मधे दोन दिवस मी रजेवर होतो, आईच्या डोळ्यांसाठी.
दोन्ही दिवस दुपारी फोन आला,
पलीकडे कुणी बोललं नाही,
नुसतं टिक टिक.

काल मी मोजले, आठ भरले.
रेडिओवर विचारलं, आठ कसे?
"झेनेकच्या बायकोनं खसखशीचा केक पाठवलाय.
तुझा तुकडा सोडतेय खाली.
वर बघ.
आणि ब्रुनो,
मागं सर."